चंद्र दिसेल असा मांडव

मी दीना. माहेर माझं अलिबागकडचं, खाडीच्या काठाला लहानसं खेडं, तिथं आमची बेने इस्राएलांची मोजकी घरं, म्हणजे आम्ही यहुदी, पण तुम्ही तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला यहुदी कुठं राहतात म्हणून विचारलं असतं तर तो नुसता बघत बसला असता, आणि शनवार तेली म्हटलं असतं तर हात धरून दारात आणून सोडलं असतं. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवार आला की बैल सोडलेला, घाणा गप, कोणी कितीही गयावया केली तरी तेल नाय म्हणजे नाय. त्यावरनं ते नाव. मला त्या नावाची लाज कधी वाटली नाय, ताई, उलट मी म्हणते, एक दिवस काम बंद ठेवायची हिंमत लागते, ती आमच्या माणसांत होती.

माहेरी भात कापणीला आला की नव्या तांदळाची खीर, नारळाच्या दुधात, गूळ घालून. लोबान पेटवायचा, शेमा म्हणायचा, शेमा म्हणजे आमची प्रार्थना, देव एकच हाय अशी, आणि मंग पानावर वाढायचं. आणि मंग मांडवाचा सण. पुस्तकात त्याला सुक्कोथ म्हणतात, आमच्या घरात मांडवाचा सणच म्हणायचे. आमचे पूर्वज मिसर देशातनं, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतनं सुटले आणि रानात झोपड्या घालून राहिले, त्याची आठवण, आणि पीक घरात आल्याचा आनंद, असं दोन्ही मिळून. अंगणात मांडव घालायचा आणि आठवडाभर जेवणखाण त्यात. कोकणात त्याला काय कष्ट, झावळ्या पडलेल्याच असतात, बाप संध्याकाळी उठायचा आणि चहा व्हायच्या आत मांडव उभा करायचा.

मंग लग्न होऊन मी इकडं आले, देवळाली कॅम्पात. काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी तोफांचा आवाज झाला आणि मी चुलीपासनं उठून बाहेर पळाले. सासू हसली, म्हणाली, बस, रोजचं हाय, तोफखान्याचे जवान शिकतायत. सासूला आम्ही आईच म्हणायचो, हन्नाबाई नाव, उंचीने माझ्या खांद्याला, पण आवाज असा की बाजारातनं हाक मारली तर घरात दूध उतू जायचं थांबेल. नवरा रेल्वेत सुतारकामाला. घर भाड्याचं, बाजाराच्या मागच्या आळीत, दोन खोल्या आणि मागे अंगण, अंगणात एक शेवगा. आणि भिंतीपलीकडे यमुनाबाई. यमुनाबाई माळ्याची, नवराबायको शेतात भाजी आणि फुलं करायचे, ती सकाळी टोपली घेऊन कॅम्पाच्या बाजारात बसायची. मी शिलाई मशीन घेऊन आले होते माहेराहून, साहेबांच्या बायकांचे ब्लाउज शिवून शिवून माझं बस्तान बसलं, आणि यमुनाबाईची चोळी मी शिवायची, तिची भाजी माझ्याकडे यायची, हिशोब कधी केला नाय.

मी आले तेव्हा कॅम्पात आणि नाशिकरोडला आमची बरीच घरं होती. सणाला मांडवात बसायला जागा पुरायची नाय, बाहेर सतरंजी टाकावी लागायची. मंग लोक जायला लागले, इस्राएलला. आज ह्याचं सामान बांधलं, उद्या त्याचं. स्टेशनावर हार घालायला आम्हीच जायचो, रडायला पण आम्हीच. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते पण गेले बायकामुलं घेऊन. मला त्यांचा राग नाय, तिकडे त्यांचं चांगलं झालं, लय मेहनत केली त्यांनी. पण दादांचं एकच टुमणं, आईला पाठवा, तुम्ही पण या, तिथं काय ठेवलंय, सणाला शेजारी बसायला माणूस नाय.

आई काय म्हणायची माहितीये. म्हणायची, माझ्या अंगणात मांडव उभा राहतोय तोवर मी कुठं जात नाय, ज्या वर्षी राहणार नाय त्या वर्षी येऊन घेऊन जा. हे ती गंमत म्हणून नव्हती बोलत. एकदा बोलली की बोलली. आणि मला जायचं नव्हतं, ताई, हे मी सरळ सांगते. माझं मशीन इथं, माझी गिऱ्हाइकं इथं, माझी भांडायची माणसं इथं. पण आई गेली असती तर तिच्यामागे हे गेले असते, आईवेडा माणूस, आणि हे गेले तर मी एकटी इथं मशीन घेऊन थोडीच बसणार होते. म्हणजे बघा, आमचं सगळं घर त्या मांडवाच्या चार वाशांवर उभं होतं.

तर त्या वर्षी काय झालं. पाऊस संपत आला होता, सण तोंडावर, आणि आमचे हे न्हाणीत पाय घसरून पडले. एवढी वर्षं शिडीवर चढून काम केलं रेल्वेत, काही झालं नाय, आणि घरच्या न्हाणीत साबणावर पाय. मांडीपासून प्लास्टर. खाटेवर पडून मलाच ओरडायचे, तू साबण कुठं ठेवतेस. आणि तिकडे दादांना कळलं, ते पत्र न पाठवता थेट येऊनच उभे राहिले, सुटी काढून, आईसाठी कागदपत्रांची चौकशी पण करून आलेले. हॉलमध्ये बॅग ठेवली आणि म्हणाले, आई, ह्या वर्षी मांडव कोण घालणार. वाईट मनाने नाय म्हणाले. पण म्हणाले.

 आई माझ्याकडे बघायला लागली. मी ब्लाउजाला हुक लावत होते, मी दोरा दातांनी तोडला आणि म्हटलं, मी घालीन.

दादा म्हणाले, दीना, हे बायकांचं काम नाय, वासे पुरायचे, शिंदी तोडायची, मी मदत करतो असं पण आई म्हणू देणार नाय. आणि खरंच आईने हात वर केला, म्हणाली, तू पाहुणा हायस, तू घातलास तर तो तुझा मांडव, माझ्या घरचा नाय, आणि मांडवाला बाई-बाप्या कळत नाय, देवाला पण कळत नसेल, घालू दे तिला.

आता मांडवाचे नियम असतात, ताई, वाटेल तसा नाय चालत. झाडाखाली नको, म्हणून शेवग्यापासून लांब घ्यायचा. वरती जे घालायचं ते जमिनीतनं उगवलेलं पाहिजे, पण तोडलेलं, मुळाला लागलेलं नको. मी नवी असताना यमुनाबाई मला म्हणाली होती, कशाला एवढा खटाटोप करता गं, आमच्या शेतात दोडक्याचा मांडव हाय, हिरवागार, खाली जाऊन बसा आठवडाभर, दोडके पण तोडून खा. आई तिला म्हणाली, यमुने, तुझ्या मांडवाला मुळं हायत, आमच्याला नसतात, आमचा आठवड्याचा पाहुणा. यमुनाबाईला ते लय आवडलं, ती बाजारात सगळ्यांना सांगायची, आमच्या शेजाऱ्यांचा बिनमुळाचा मांडव.

तर नीलगिरीचे वासे मिळाले, ते पुरायला यमुनाबाईचा नवरा आला, पहार घेऊन, मी पण एक खड्डा खणला, तळहाताला फोड आला तो मी मुद्दाम दादांना दाखवला. शिंदी म्हणजे रानखजूर, तिच्या फांद्या ओढ्याकाठच्या. वाळुंजाची डहाळी दारणा नदीच्या काठावरनं, सकाळच्या प्रार्थनेत चार गोष्टी हातात धरायला लागतात, ही डहाळी, शिंदीचा कोवळा कोंब, एक सुगंधी पाला मुंबईहून येतो तो, आणि महाळुंग. महाळुंग म्हणजे मोठ्या लिंबासारखं, जाड सालीचं, खडबडीत. ते पेठ गावाकडनं एक बाई आणायची, डोंगरातली, तिच्या परसात झाड, ती दरवर्षी आईसाठी एक बिनडागाचं बाजूला ठेवायची. दादांनी तिकडनं एक आणलं होतं, कापसात गुंडाळलेलं, डबीत, दागिना असावा तसं. आईने दोन्ही ताटात शेजारी शेजारी ठेवली.

राहिल्या भिंती. आमचे हे दरवर्षी फळ्या ठोकायचे. मला हातोडा मारता येत नाय, मारला तर बोटावर बसतो. पण शिवता येतं. मी आईच्या जुन्या नऊवारी काढल्या, चादरी काढल्या, आणि चार भिंती शिवल्या मशीनवर. पण वाऱ्याने फडफडणारी भिंत चालत नाय, भिंत म्हणजे भिंत पाहिजे. मंग परकराला आपण नाडीची घडी घालतो ना, तशी मी घडी घातली, खाली, वर आणि मध्ये, आणि त्यात बांबूच्या कामट्या सरकवल्या, टोकं वाशांना बांधली, एका कोपऱ्याला आत शिरायला वाट ठेवून. कापड असं ताणलं की बोटाने वाजवलं तर ढोलकीसारखं वाजलं. आईने बाहेर येऊन एकेक भिंत हाताने ढकलून बघितली. पुढची तिच्या हिरव्या नऊवारीची होती, जरीचा काठ वर ठेवलेला. ती त्या काठावरनं हात फिरवत राहिली आणि म्हणाली, लग्नात नेसले होते. खाटेवरनं आमचे हे ओरडले, भिंती सरळ हायत का गं. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा सरळ.

मी सांगते तुम्हाला, एवढा अभिमान मला माझ्या लग्नात नव्हता वाटला.

त्या वर्षी सण नेमका कोजागिरीला आला. आमचा सण पुनवेलाच लागतो, कधी कोजागिरीच्या पुनवेला, कधी महिनाभर आधी. कोजागिरीला आला की यमुनाबाई आटीव दूध घेऊन यायची, बदाम-केशर घातलेलं, आणि मटणावर आम्हाला दूध चालत नाय, म्हणून आईचा नियम, कोजागिरीच्या वर्षी पहिल्या संध्याकाळी घरात मटण शिजायचं नाय. दादा म्हणाले, सणाला मटण नाय? आई म्हणाली, शेजारीण दूध आणते.

दुपारपासनं आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस, त्याचा भरवसा नाय. मी आत स्वयंपाकात, भाजी, वरण, खीर, काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत काढायचं होतं, त्यावरच आमची सणाची दुवा म्हणतात. आईला न्हायला घातलं. मांडवाकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. सूर्य मावळायला आला तसे आईने घरात दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून दुवा म्हटली, आणि सण लागला. सण लागला म्हणजे त्यानंतर बांधणं नाय, सोडणं नाय, तोडणं नाय, काम म्हणून जे काय ते सगळं बंद.

आणि दादा मागच्या दाराने बाहेर गेले आणि तिथनंच म्हणाले, दीना, बाहेर ये.

मी गेले. मांडवावर निळी ताडपत्री. कोपरे असे घट्ट बांधलेले की सुई जायला जागा नाय. आणि भिंतीपलीकडे यमुनाबाई, हात कमरेवर, तोंडभर हसू, म्हणाली, थेंब यायचा नाय आता आत, खुशाल जेवा. बिचारीने आभाळ बघितलं आणि स्वतःच्या दारात सुकत घातलेल्या भुईमुगावरची ताडपत्री काढून आमच्यावर घातली होती.

आता काय करावं. मांडवाच्या पाल्यातनं आभाळ दिसलं पाहिजे, चांदण्या दिसल्या पाहिजेत. वर ताडपत्री म्हणजे तो मांडवच नाय, गणपतीचा मंडप झाला नुसता. आणि दिवे लागलेले. दादा हात लावू शकत नाय, मी लावू शकत नाय, हे खुर्चीवर प्लास्टर पुढे करून बसलेले. यमुनाबाईला सोड म्हणून सांगावं तर तेही नाय चालत, जे आपण करायचं नाय ते दुसऱ्याला कर म्हणायचं नाय, आईची सक्त ताकीद. दादा हळू आवाजात म्हणाले, बघितलंस, हे असं हाय इथं, किती पण प्रेम असू दे, आपलं काय हाय ते कोणाला माहीत नाय.  माझे सगळे वासे, माझ्या भिंती, आणि आई दारात उभी, तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय मला कळेना.

तेवढ्यात आई मांडवात गेली, खुर्चीवर बसली, मान वर केली, आणि बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात, कोणाला उद्देशून नाय, नुसती बोलली, यमुनेच्या दुधाला जो चंद्र लागतो, तोच माझ्या मांडवाला लागतो, पण मला तर इथनं निळंच दिसतंय.

यमुनाबाईचं हसू गेलं. तिने वर ताडपत्रीकडे बघितलं. आणि मंग म्हणाली, अगं बया, चंद्र बघायचा असतो होय आतनं, मावशी, आधी नाय का सांगायचं, मी मेली भुईमूग उघडा टाकून झाकत बसले. पदर खोचला, भिंतीवरनं पाय टाकून आली, स्टूल ओढलं, आणि सरासर गाठी सोडायला लागली, तोंड चालूच, भिजलात तर मला बोलू नका, ताप आला तर मला बोलू नका. आई म्हणाली, तुझा भुईमूग झाक आधी. ती म्हणाली, झाकते, तुमची खीर झाका.

ताडपत्री निघाली तेव्हा शिंदीच्या पानांतनं थोडं आभाळ दिसलं, ढगाळच होतं. आम्ही बसलो. ह्यांनी मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेतला, दुवा म्हटली, दादांनी त्यात आवाज मिळवला. आणि पाऊस आला. मोठा नाय, चार टपोरे थेंब, आईच्या भातात पडले. जेवण नासेल एवढा पाऊस आला तर घरात जायची मुभा असते. दादा म्हणाले, आई, चल आत. आई म्हणाली, एवढ्याने भात नासत नाय, आणि तो घास खाल्ला. मंग दादांनी पण खाल्ला. कोणी उठलं नाय.

जेवणं होतायत तोवर यमुनाबाई दूध घेऊन आली, तिचा नवरा पातेलं धरून मागे, आणि सगळे मिळून आम्ही मान वर करून बसलो, त्यांना दुधात चंद्र पाहिजे, आम्हाला मांडवात. यमुनाबाई ढगांना शिव्या घालत होती. आणि ढग हलला, ताई. शिंदीच्या पानातनं चंद्र असा आला की आईच्या मांडीवर, हिरव्या भिंतीवर, ह्यांच्या प्लास्टरवर सगळीकडे पानांच्या सावल्या पडल्या. यमुनाबाईने पहिला पेला आईला दिला. आईने दादांना दिला. दादांनी घेतला, वर बघितलं, आणि त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी लपवले नाय. म्हणाले, तिथं आमच्या इमारतीत सगळ्यांच्या गॅलरीत मांडव असतात, पण वरच्या मजल्याची गॅलरी आमच्या डोक्यावर येते, आभाळ दिसत नाय, म्हणून मी खाली मैदानात दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसतो.

सकाळी प्रार्थनेला ताट पुढे केलं, दोन महाळुंगं त्यात. आम्हाला वाटलं दादा त्यांचं उचलतील. त्यांनी पेठचं उचललं, नाकाशी धरलं, बराच वेळ. आई मला म्हणाली, चहा टाक. कागदपत्रांचा विषय परत कधी निघाला नाय.

जाताना दादा मला म्हणाले, दीना, एक मागू. मला वाटलं लोणचं. ते म्हणाले, आईच्या नऊवारीची भिंत दे, मी तिथं मैदानात माझा मांडव घालीन, तिला लावीन. मी कामट्या काढल्या, घडी घातली, वर्तमानपत्रात बांधून दिली. माझ्या हातची शिवण तिकडे गेली, समुद्रापलीकडे, फडफडत नाय म्हणून कळवलं त्यांनी.

आई इथंच गेली, पुढे काही वर्षांनी, तिला हवं तसं, ह्याच अंगणात शेवटचा मांडव बघून. आता तिकडे इंदिरानगरला नव्या सोसायट्या होतायत, लोक म्हणतात फ्लॅट घ्या, कॅम्पात काय राहता. मी विचारते, फ्लॅटात आभाळ कुठनं दिसणार, दाखवा, मंग बघू. ह्यांचा पाय पावसाळ्यात दुखतो, वासे पुरायला यमुनाबाईचा जावई येतो, फळ्या आता नाय, माझ्या भिंती. महाळुंग अजून पेठहून येतं. यमुनाबाईला आता सगळे नियम पाठ हायत, ती मला शिकवते, दीना, फांदी फार दाट घालू नको, चंद्र अडेल.

आणि चौथी भिंत मी परत शिवली नाय. कापड पडलंय घरात, शिवायला एक दुपार पुरे. पण तीन भिंतींचा मांडव चालतो आमच्यात, तसा नियमच हाय, आणि ती उघडी बाजू यमुनाबाईच्या घराकडे हाय, ती दुधाचं पातेलं घेऊन तिकडनंच येते. तिला वळसा घालावा लागू नये.

तर असं हाय. लिहा तुम्ही काय लिहायचं ते. ह्या वर्षी सणाला या, मटण मिळेल का दूध ते पुनव ठरवील. तुमच्या डोक्यावर कायम छप्पर राहो, ताई, आणि वर्षातनं एक आठवडा त्यातनं आभाळ दिसो.